फॅन लोकांच्या हॉल ऑफ फेमसाठी वोटिंगचे नियम कसे ठरवायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्या ग्रुपने पहिल्यांदा हॉल ऑफ फेमचं, म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या थोरांच्या कायमच्या मानाच्या यादीचं, वोटिंग घेतलं तेव्हा ४८ फॉर्म आले. त्यातले ३ कोरे होते, म्हणजे लोकांनी फॉर्म उघडला, आपलं नाव टाकलं आणि एकाही उमेदवारापुढे टिक न करता सबमिट केला. नियम एका ओळीचा होता, ७५ टक्के मतं मिळाली की आत. एकाला ३४ मतं पडली. आता ४८ पैकी ३४ म्हणजे ७०.८ टक्के, बाहेर. कोरे सोडून ४५ पैकी ३४ धरले तर ७५.६ टक्के, आत. टक्के नक्की कशाचे काढायचे हे कुणी लिहिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर होतं म्हणून वाद मिटेना, तीन आठवडे चालला आणि दोन जुने मेंबर कायमचे सोडून गेले.

तेव्हापासून कुठलाही नियम लिहिताना माझी एकच कसोटी असते. ज्याचा लाडका उमेदवार पडला त्याला हा नियम आधीपासून माहीत होता का, आणि पडल्यावरही त्याला तो पटेल का? जिंकणाऱ्याला कुठलाही नियम चालतो, त्याला विचारून काही कळत नाही. खाली जे लिहितोय ते सगळं याच कसोटीवर घासून बघा, आणि ज्या ठिकाणी तुमच्या ग्रुपला वेगळं पटेल तिथे बिनधास्त वेगळं करा, फक्त लिहून ठेवा.

आधी नियम, मग नावं

हा क्रम उलटा झाला की संपलं. एकदा नावं चर्चेत आली की प्रत्येकजण मनात आपला माणूस ठेवूनच नियमाकडे बघतो, मुद्दाम नाही करत पण होतंच. त्यामुळे पहिला महिना फक्त नियमांचा ठेवा आणि त्या काळात उमेदवारांवर चर्चा बंद. नियम लिहायला ३ ते ५ जण पुरे. त्यात निदान एकजण असा घ्या जो प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतो, पळवाटा सगळ्यात आधी त्यालाच दिसतात.

सगळ्यात वर एक वाक्य लिहा, हा हॉल कशासाठी आहे. आत्ता कोण आवडतं यासाठी, का मागे वळून बघितल्यावर कोण टिकलं यासाठी? कामगिरी मोजायची, का त्या क्षेत्रावर पडलेला प्रभाव? हे वाक्य सोपं वाटतं पण पुढे दहा ठिकाणी त्याचाच आधार घ्यावा लागतो, तेव्हा त्यावर दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. आणि आत नेमकं कोण जाणार तेही तिथेच सांगा, म्हणजे बँड जाणार का बँडमधला एकेक माणूस, जोडी एकत्र धरायची का वेगळी, पडद्यामागची माणसं चालतील का. नाहीतर नॉमिनेशन सुरू झाल्यावर एकच बँड तीन वेगवेगळ्या रूपात लिस्टवर दिसतो आणि त्याची मतं तीन ठिकाणी फुटतात.

कोण उभं राहू शकतं

इथे मुख्य प्रश्न थांबायच्या काळाचा. अमेरिकेतल्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूला रिटायर झाल्यावर ५ वर्षं थांबावं लागतं. आयसीसीच्या क्रिकेट हॉल ऑफ फेममध्येही शेवटच्या आंतरराष्ट्रीय मॅचनंतर ५ वर्षं, म्हणून सचिन तेंडुलकर नोव्हेंबर २०१३ मध्ये शेवटची टेस्ट खेळला आणि त्याचं नाव आत गेलं जुलै २०१९ मध्ये. सचिनलासुद्धा थांबावं लागलं यातच त्या नियमाची ताकद आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा हिशोब वेगळा, तिथे पहिलं रेकॉर्डिंग बाजारात आल्यापासून २५ वर्षं मोजतात, बँड अजून स्टेजवर असला तरी चालतं.

तुमचा विषय यातल्या कुठल्या प्रकारात बसतो ते बघा. खेळाडू रिटायर होतो, पण गेम किंवा कॉमिकमधलं पात्र रिटायर होत नाही, तिथे पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते वर्ष धरून १० किंवा १५ वर्षं मोजणं जास्त सोपं. आणि काळ मोजायची एक पक्की तारीख ठेवा, "मतदानाच्या आधीच्या ३१ डिसेंबरला ५ वर्षं पूर्ण" असं. नुसतं "५ वर्षं" लिहिलं की मार्चमध्ये रिटायर झालेल्यावरून डिसेंबरमध्ये भांडण ठरलेलं.

अपवादही आधीच लिहा. रॉबर्टो क्लेमेंटे हा बेसबॉलपटू ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन चालला होता. त्याच्यासाठी ५ वर्षांची अट बाजूला ठेवून १९७३ मध्ये खास मतदान घेतलं. आता तिथे नियमच आहे की थांबायच्या काळात खेळाडू वारला तर मृत्यूनंतर ६ महिने झाले की पुढच्या मतदानात त्याचं नाव येऊ शकतं. ते ६ महिने मला फार शहाणपणाचे वाटतात. दुःख ताजं असताना कुणाला "नाही" म्हणणं अवघड जातं, आणि नंतर कुणी "सहानुभूतीवर आत गेला" असं म्हणालं तर तो त्या माणसाचाच अपमान होतो.

मत कोणाचं

खरी मारामारी इथेच होते म्हणून इथे जरा थांबतो.

सगळ्यांना वोटिंग खुलं ठेवलं की काय होतं याचं जुनं उदाहरण १९५७ चं आहे. बेसबॉलच्या ऑल-स्टार मॅचसाठी, म्हणजे दोन लीगमधले निवडक खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात त्या मॅचसाठी, फॅन लोकांची मतं घेतली आणि सिनसिनाटीच्या फॅन लोकांनी एवढ्या मतपत्रिका भरल्या की नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या ८ जागांपैकी ७ जागांवर त्यांच्याच टीमचे खेळाडू आले. मग बेसबॉलचा प्रमुख म्हणजे कमिशनर फोर्ड फ्रिकने त्यातले दोघे काढले आणि दुसऱ्या टीममधल्या विली मेज आणि हँक आरोनला घेतलं. आणि फॅन लोकांचा मताचा हक्कच काढून घेतला, तो परत मिळाला थेट १९७० मध्ये. म्हणजे एका शहराच्या उत्साहाची किंमत सगळ्या फॅन लोकांनी १२-१३ वर्षं मोजली. नीट बघितलं तर सिनसिनाटीच्या लोकांची चूक नव्हती, एका माणसाने किती मतपत्रिका भरायच्या यावर लगाम घालणं आयोजकांचं काम होतं.

यावर लोकांनी वेगवेगळे उपाय काढलेत. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, २०१७ पासून ऑल-स्टारच्या सुरुवातीच्या टीमसाठी फॅन लोकांच्या मताला ५० टक्के, खेळाडूंच्या मताला २५ आणि पत्रकारांच्या मताला २५ टक्के वजन दिलं. रॉक अँड रोलवाले २०१२ पासून पब्लिक वोटिंग घेतात, पण त्यातल्या सगळ्यात वरच्या काही नावांची मिळून एकच मतपत्रिका बनते आणि ती हजाराच्या वर मतपत्रिकांमध्ये फक्त एक म्हणून मोजली जाते. ते मला फार कंजूषपणाचं वाटतं, लाखो लोकांना मत द्या म्हणायचं आणि त्याचं मोल एका मताचं. लोकांना बोलावलं तर त्यांच्या मताला काहीतरी वजन द्या, नाहीतर बोलावू नका.

फॅन लोकांनीच चालवलेल्या हॉलमध्ये मी असं करेन. मत मेंबरचं. मेंबर म्हणजे मतदान सुरू व्हायच्या निदान ९० दिवस आधी ग्रुपमध्ये आलेला, आणि ही कटऑफ तारीख नॉमिनेशन उघडायच्या आधी जाहीर झालेली. ९० दिवसांमुळे "चला रे सगळे, आत या आणि आपल्या माणसाला मत टाका" ही फौज आपोआप बाहेर राहते आणि कुणावर आरोप करायची वेळच येत नाही. शिवाय बाहेरच्यांसाठी वेगळं खुलं वोटिंग घ्यायचं असेल तर त्याचं वजन आकड्यात लिहा, उदाहरणार्थ खुल्या वोटिंगमध्ये पहिल्या ५ नंबरांवर आलेली नावं टिक केलेल्या ३ मतपत्रिका धरायच्या. जाणकारांची वेगळी कमिटी करून त्यांना जास्त वजन द्यावं का? छोट्या ग्रुपमध्ये नको, जाणकार कोण हे ठरवण्यातच ग्रुप फुटतो.

खोटी मतं सापडली तर काय हेही इथेच. ह्यूगो अवॉर्ड म्हणजे सायन्स फिक्शनचे फॅन स्वतः चालवतात ते अवॉर्ड, १९५३ पासूनचे. २०२४ मध्ये त्यांच्या आयोजकांना ३७७ मतं संशयास्पद वाटली, ती एका फायनलिस्टला जिंकवण्यासाठी टाकलेली दिसत होती. त्यांनी मतं रद्द केली, आकडा सगळ्यांना सांगितला, पण त्या फायनलिस्टला बाद केलं नाही आणि नावही फोडलं नाही, कारण त्याला यातलं काही माहीत होतं असा पुरावाच नव्हता. माझ्या मते हा नमुनाच आहे. मत रद्द होतं, उमेदवार नाही. नाहीतर उद्या कुणीही तुमच्या उमेदवाराच्या नावाने मुद्दाम खोटी मतं टाकून त्याला बाद करेल.

नॉमिनेशन

इथे भपका नको. प्रत्येक मेंबरने जास्तीत जास्त ३ नावं सुचवायची, प्रत्येक नावासोबत चार ओळी का ते लिहायचं, आणि वेगवेगळ्या ५ मेंबरनी सुचवलेलं नाव लिस्टवर. ग्रुप ३० चा असेल तर ५ ऐवजी ३ करा. लिस्ट १२ ते २० नावांची झाली की बस्स, त्याच्यापुढे लोक वाचत नाहीत, ओळखीचं नाव दिसलं की टिक करून मोकळे होतात.

मोठ्या ग्रुपला एक धोका माहीत असू द्या. थोडे लोक आपापसात ठरवून एकसारखीच यादी टाकतात तेव्हा बाकीच्यांची मतं शंभर नावांवर विखुरलेली असतात, त्यामुळे ती थोडी माणसं अख्खी लिस्ट खाऊन टाकतात. ह्यूगोमध्ये २०१५ ला हेच झालं आणि मतदारांनी चिडून ५ विभागांमध्ये "कुणालाच नको" हा पर्याय जिंकवला. मग त्यांनी नॉमिनेशन मोजायची पद्धत बदलली, ती २०१७ पासून चालू झाली. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक मेंबरचा एकच पॉइंट, तो त्याने सुचवलेल्या नावांमध्ये सारखा वाटला जातो. सगळ्यात कमी पॉइंटवाली दोन नावं समोरासमोर ठेवायची, त्यातलं कमी लोकांनी सुचवलेलं नाव गळतं, गळलेल्या नावाचा पॉइंटचा हिस्सा त्या मेंबरच्या उरलेल्या नावांना जातो, आणि हे हवी तेवढी नावं उरेपर्यंत चालतं. ठरवून टाकलेल्या यादीतली नावं एकमेकांचेच पॉइंट खात राहतात, मग एकटा गट पूर्ण लिस्ट भरू शकत नाही. २०० च्या वर मेंबर असतील तरच याच्या वाटेला जा, हाताने मोजायला हे किचकट आहे.

मतपत्रिका कशी असावी

क्रम लावायला सांगू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला दुसरा तिसरा हे एकच विजेता काढायचा असेल तेव्हा ठीक, हॉल ऑफ फेममध्ये प्रश्न वेगळा असतो, हा माणूस आत असायला हवा का नको. प्रत्येक नावापुढे टिक, एवढंच पुरतं. दोघंही लायक असतील तर मतदाराला एकाला दुसऱ्याच्या खाली का ठेवायला लावायचं?

एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त किती टिक हे मात्र ठरवा. बेसबॉलवाले १० देतात. हा आकडा आणि पास व्हायचा आकडा यांचं नातं असतं ते एकदा कागदावर मांडून बघा. समजा ५० मतपत्रिका आल्या आणि लोकांनी सरासरी ६ टिक केल्या, तर एकूण मतं ३००. ७५ टक्क्यांसाठी लागणार ३८. मग ३०० ला ३८ ने भागा, ७ च्या वर कुणी जाऊच शकत नाही. सरासरी ४ टिक असतील तर एकूण २०० आणि जास्तीत जास्त ५ जण. हे झालं गणिताचं टोक, प्रत्यक्षात मतं विखुरतात त्यामुळे एक, दोन किंवा तीन जण पास होतात. म्हणून टिकची मर्यादा ३ आणि पास ७५ टक्के असं ठेवलं तर वर्षानुवर्षं हॉल रिकामा राहील, आणि मर्यादाच नसली तर काही लोक सगळ्यांना टिक करतील. १५ नावांना ६ ते ८ टिक हे मला बरं वाटतं.

"यावर्षी कुणीही नाही" असा एक वेगळा पर्याय ठेवाच. कोरा फॉर्म म्हणजे विसरला का ठरवून दिला ते कळत नाही, ही टिक असली की कळतं. फॉर्मवर नावांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल असं सेटिंग चालू करा, वरच्या नावांना उगाच फायदा नको. आणि मतदान चालू असताना आकडे कुणालाही दिसता कामा नयेत, अ‍ॅडमिनलाही शक्यतो नाहीच.

पास व्हायचा आकडा

बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये ७५ टक्के, अमेरिकन फुटबॉलच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये शेवटच्या फेरीत ८० टक्के. तिथे मतदार त्या क्षेत्रातले, वर्षभर तेच करणारे. फॅन ग्रुपमध्ये आवडी जास्त विखुरलेल्या असतात, त्यामुळे दोन तृतीयांशही चालेल. ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नका, नाहीतर जवळजवळ निम्म्या लोकांना नको असलेला माणूस आत बसतो आणि तो कायमचा बसतो.

आता टक्के कशाचे? आम्ही शेवटी ठरवलं की आलेल्या सगळ्या वैध फॉर्मचे, कोऱ्यांसकट. बेसबॉलमध्येही कोरी मतपत्रिका धरतात. २०२१ मध्ये तिथे ४०१ पैकी १४ कोऱ्या आल्या, सगळ्यात पुढे असलेला कर्ट शिलिंग २८५ मतांवर म्हणजे ७१.१ टक्क्यांवर थांबला आणि त्या वर्षी एकही खेळाडू आत गेला नाही. कोऱ्या सोडल्या असत्या तरी ७३.६ च झाले असते. कोरा फॉर्म देणाऱ्याने वेळ काढून "मला यातलं कुणी पटत नाही" असं सांगितलेलं असतं, ते मत फेकून देणं मला बरोबर वाटत नाही. तुम्हाला उलटं पटत असेल तर उलटं लिहा, पण लिहा.

राउंडिंगचं एक वाक्य हवंच हवं. नेली फॉक्स या बेसबॉलपटूला १९८५ मध्ये, लिस्टवरच्या त्याच्या शेवटच्या वर्षी, ३९५ पैकी २९५ मतं पडली, ७४.७ टक्के. जवळच्या आकड्याला धरलं तर ७५ होतात पण नियम तसा नव्हता, २९७ हवी होती, दोन कमी पडली, बाहेर राहिला. पुढे १९९७ मध्ये जुन्या खेळाडूंसाठीच्या कमिटीने त्याला आत घेतलं, तोवर तो हयात नव्हता. वाचताना आजही वाईट वाटतं, पण त्या दिवशी राउंडिंग करून त्याला आत घेतलं असतं तर पुढच्या प्रत्येक ७४.६ वाल्याला काय सांगितलं असतं? म्हणून टक्के लिहूच नका, असं लिहा: "वैध फॉर्मच्या तीन चतुर्थांश किंवा जास्त, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा." ४१ फॉर्म असतील तर ३०.७५, म्हणजे ३१ लागतील.

आमच्या त्या ३४ मतांवाल्या उमेदवाराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी नियम लिहिलेले होते, ५१ फॉर्म आले, ३९ लागत होती, त्याला ३७ पडली. त्याच्या सगळ्यात कट्टर समर्थकाने स्वतःच आकडे तपासले आणि म्हणाला ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू. मला तर त्या दिवशी पोटातून हायसं वाटलं.

बाकी दोन छोट्या गोष्टी. कमीत कमी किती फॉर्म आले तर मतदान धरायचं हे ठरवा, मेंबरच्या एक तृतीयांश वगैरे, आणि तेवढे आले नाहीत तर एकदाच ७ दिवस वाढवायचे. आणि एका वर्षी जास्तीत जास्त किती जण आत, अशी मर्यादा शक्यतो घालू नका. घातलीच तर शेवटच्या जागेवर टाय झाला की दोघंही आत, चिठ्ठ्या टाकून कुणाला बाहेर ठेवू नका. एकही पास झाला नाही तर तेही चालतं, तसं जाहीर करा आणि ओढूनताणून पहिल्या नंबरवाल्याला आत ढकलू नका.

पडलेल्यांचं काय

बेसबॉलमध्ये ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं लिस्टवरून जातं आणि वर राहिलं तरी जास्तीत जास्त १० वर्षं. दोन्हीमागे कारण आहे, लिस्ट तुंबू नये. पण ५ टक्क्यांची सुरी कधीकधी चुकीच्या माणसावर चालते. टेड सिमन्सला १९९४ मध्ये ३.७ टक्के पडले आणि पहिल्याच वर्षी तो गळला, पंचवीस वर्षांनी कमिटीने त्याला निवडलं. उलट लॅरी वॉकर २०११ मध्ये २०.३ टक्क्यांवर होता, २०१४ मध्ये १०.२ वर घसरला आणि दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी २०२० मध्ये ७६.६ घेऊन आत गेला. लोकांची मतं बदलतात, कुणीतरी नव्याने आकडे मांडतं, जुन्या गोष्टी परत बघितल्या जातात. त्याला वेळ द्यायला हवा.

छोट्या ग्रुपमध्ये ५ टक्के म्हणजे दोन मतं, त्याला काही अर्थ नाही. मी सांगेन १० टक्के, आणि तेही लागोपाठ दोन वर्षं खाली गेला तरच बाहेर. लिस्टवर जास्तीत जास्त ६ ते ८ वर्षं. बाहेर गेलेल्यांसाठी दर तीन वर्षांनी एक वेगळं मतदान, त्यात फक्त ५ नावं. एवढ्याने चुका दुरुस्त व्हायला जागा राहते.

वागणुकीचा प्रश्न

हा टाळता येत नाही. कामगिरी जबरदस्त पण माणूस वाईट वागला, मग? बेसबॉलच्या नियमात सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हे शब्द लिहिलेले आहेत पण त्यांचा अर्थ प्रत्येक मतदारावर सोडलाय. बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स हे दोघं उत्तेजकांच्या आरोपांमुळे दहा वर्षं लिस्टवर लटकले आणि २०२२ मध्ये अनुक्रमे ६६.० आणि ६५.२ टक्क्यांवर संपले. पीट रोझचं वेगळं, सट्ट्यामुळे १९८९ मध्ये बंदी आली आणि १९९१ मध्ये हॉलने नियम केला की बंदी असलेल्याचं नाव लिस्टवर येणारच नाही, म्हणजे मतदारांपर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

तुम्हाला या दोनपैकी एक निवडायचंय, मतदारावर सोडायचं का गाळणी आधी लावायची. माझा कल असा की गाळणी फक्त एका गोष्टीवर, कोर्टात सिद्ध झालेला गंभीर गुन्हा, बाकी सगळं मतदाराच्या विवेकावर. अफवा आणि स्क्रीनशॉटवरून कमिटीने नावं काढायला लागलं की कमिटीच हॉल चालवते, मेंबर नाही. आणि एखादं नाव अपात्र ठरवलं तर कारण लेखी द्यायचंच. ह्यूगोच्या २०२३ च्या वेळी काही नावं कारण न देता अपात्र ठरवलेली होती, आकडे बाहेर आले जानेवारी २०२४ मध्ये, आणि एवढ्या जुन्या अवॉर्डवरचा लोकांचा विश्वास त्याने हलला.

आत गेलेल्याला बाहेर काढायचं झालं तर? आत यायला लागतात त्याहून जास्त मतं ठेवा, ९० टक्के, आणि प्रस्ताव आल्यावर ६० दिवस थांबून मगच मतदान. रागाच्या आठवड्यात हा निर्णय होता कामा नये.

मतदान आणि मोजणी

ईमेलने लॉगिन करून एकदाच भरता येईल असा फॉर्म करा. कुणी दोनदा भरलाच तर शेवटचा धरायचा, हे लिहून ठेवा. मतदान १० दिवस, म्हणजे मधे दोन वीकेंड येऊ शकतात. बंद व्हायची वेळ टाइम झोनसकट लिहा, "रविवारी रात्रीपर्यंत" हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

मोजायला दोघं, वेगवेगळ्या बसून, आणि दोघांपैकी कुणीही नॉमिनेशनमध्ये कुणाला सुचवलेलं नसावं. नियम असा की दोघांचे आकडे जुळले तरच पुढे. मग तात्पुरता निकाल लावा, त्यात आलेले एकूण फॉर्म, कोरे, रद्द केलेले आणि का, आणि प्रत्येक उमेदवाराची मतं, शेवटच्याचीसुद्धा. नुसती जिंकलेली नावं सांगितली की लोकांच्या डोक्यात आकडे तयार होतात. ५ दिवस हरकतींसाठी, फक्त मोजणीवर, निवडीवर नाही. मग पक्का निकाल.

कुणी कुणाला मत दिलं हे उघड करायचं का? मी गुप्त ठेवा म्हणेन, ज्याला स्वतःचं सांगायचं त्याने सांगावं. पण प्रत्येकाला फॉर्म भरल्यावर एक कोड मिळू द्या आणि निकालासोबत नावं काढून कोडसकट सगळी शीट टाका, ज्याने त्याने आपला कोड शोधून आपलं मत बरोबर लागलंय ना ते बघावं. हे केल्यावर आमच्याकडे मोजणीवर एकही हरकत आलेली नाही.

पहिल्या खऱ्या मतदानाआधी एक खोटं घ्या, काल्पनिक नावांवर. दहा जणांना सांगा की नियम मोडायचा प्रयत्न करा, दोनदा भरा, कोरा द्या, जास्त टिक करा, वेळ संपल्यावर पाठवा. एका संध्याकाळी इतक्या चुका सापडतात की विचारू नका, जास्त टिक केल्या तर पूर्ण फॉर्म रद्द का, हे आम्हाला तेव्हाच सुचलं. आम्ही ठरवलं की हो, रद्द, पण वेळ संपायच्या आत त्याला कळवून परत भरायची संधी द्यायची.

नियम बदलायचे कसे

बदल लागतीलच. ह्यूगोवाल्यांकडे फार चांगली पद्धत आहे, नियमातला बदल एका वर्षीच्या सभेत मंजूर झाला तरी पुढच्या वर्षीच्या सभेत परत मंजूर व्हावा लागतो, मगच लागू. वर सांगितलेली नॉमिनेशनची पद्धतसुद्धा २०१५ आणि २०१६ असं दोनदा मंजूर होऊन २०१७ ला आली. घाई असते तेव्हा हे जाचक वाटतं. पण एका निकालाच्या रागात केलेला बदल वर्षभराने परत बघितला की बऱ्याचदा कुणालाच नको असतो. वर्षभर थांबणं जमत नसेल तर निदान एवढं ठेवा, नॉमिनेशन उघडल्यापासून पक्का निकाल लागेपर्यंत एकही शब्द बदलायचा नाही, आणि कुठलाही बदल पुढच्या मतदानापासून.

आधीपासून लिस्टवर असलेल्यांचं काय हेही बदलासोबत लिहा. बेसबॉलने २०१४ मध्ये १५ वर्षांची मुदत १० वर आणली तेव्हा १० वर्षं ओलांडून गेलेले तिघं लिस्टवर होते, डॉन मॅटिंग्ली, अ‍ॅलन ट्रॅमेल आणि ली स्मिथ, त्यांना जुन्या नियमाने १५ वर्षं पूर्ण करू दिली. नवा नियम मध्येच त्यांच्यावर लादला नाही. आमच्याकडे आता नियमांच्या पानावर सगळ्यात वर आवृत्तीचा नंबर आणि लागू झाल्याची तारीख असते, जुन्या आवृत्त्याही तिथेच खाली ठेवलेल्या असतात, आणि कुणी विचारलं की तो अमका कुठल्या नियमाने पडला, तर त्या वर्षीची आवृत्ती काढून दाखवतो.